नकाशावरची वेळ : 'स्टार रेडर्स' आणि ऑप्स रूम

इथे मी सहसा पोस्टिंगच्या जागा, तिथले किल्ले आणि जुन्या लढाया यांबद्दल लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण आहे लढाईचाच. १९७९ साली अमेरिकेत अटारी कंपनीने 'स्टार रेडर्स' नावाचा अंतराळयुद्धाचा खेळ बाजारात आणला. आधी तो त्यांच्या घरगुती कॉम्प्युटरवर आला, आणि १९८२ मध्ये अटारी ५२०० या कन्सोलवर. मी तो गेली दोन वर्षं लॅपटॉपवर, एमुलेटर टाकून खेळतो आहे. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

माझ्या वयाच्या वाचकांना आपल्याकडचे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आठवत असतील. कार्ट्रिजला आपण 'कॅसेट' म्हणायचो, आणि एका कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याचा दावा तिच्यावर छापलेला असायचा. त्यातले बहुतेक गेम एकाच प्रकारचे: शत्रू वरून किंवा उजवीकडून येणार, आपण बटण दाबत राहायचं. 'स्टार रेडर्स' त्या सगळ्यांच्या आधीचा आहे. तरीही फौजी माणसाला त्यात ओळखीचं वाटेल असं बरंच काही आहे, कारण त्यात गोळीबार हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं काम नकाशावर चालतं.

आधी या खेळाचं घराणं सांगतो.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ लिहिला. हे यंत्र तेव्हा सुमारे एक लाख वीस हजार डॉलरला मिळायचं, म्हणजे घरी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. गोल पडद्यावर दोन यानं, मधोमध एक तारा, आणि त्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण. पीटर सॅमसन नावाच्या सहकाऱ्याने पार्श्वभूमीला आकाशातल्या खऱ्या ताऱ्यांच्या जागा बसवल्या. इंजिन बंद केलं तरी यान त्याच दिशेने घसरत राहायचं आणि ताऱ्याकडे ओढलं जायचं. दोन खेळाडू समोरासमोर, डावपेच हाताचे आणि डोळ्याचे. याला द्वंद्व म्हणता येईल. मोहीम म्हणता येणार नाही.

मोहिमेचा भाग दुसरीकडून आला. १९७१ मध्ये माइक मेफिल्ड या विद्यार्थ्याने 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेवर आधारित एक खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हतीच, सगळा कारभार अक्षरांचा. चौकोनी घरांचा नकाशा, कुठल्या घरात शत्रूची किती यानं आहेत त्याचे आकडे, आपल्या तळांच्या जागा, आणि मोजकी ऊर्जा. खेळाडू आज्ञा टाइप करायचा, यंत्र निकाल छापायचं, मग पुढची आज्ञा. बुद्धिबळासारखा आपापल्या चालीचा खेळ, त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ. १९७०च्या दशकात हा खेळ कॉलेजांच्या आणि कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर सर्वत्र पसरला.

म्हणजे एका खेळात ट्रिगर होता पण नकाशा नव्हता, दुसऱ्यात नकाशा होता पण घड्याळ नव्हतं. डग न्यूबाउर या अटारीतल्या इंजिनियरने दोन्ही एकत्र केले आणि वर घड्याळ चालू ठेवलं.

न्यूबाउर मुळात चिप तयार करणारा माणूस. अटारीच्या कॉम्प्युटरमधला आवाज ज्या 'पोकी' चिपमधून निघायचा, तिच्या रचनेत त्याचा हात होता. 'स्टार रेडर्स' त्याने ८ किलोबाइटमध्ये बसवला. तुम्ही वाचताय तो हा मराठी लेख साठवायलाच त्याच्या कित्येक पट जागा लागेल. यंत्राच्या ६५०२ प्रोसेसरला गुणाकार-भागाकाराच्या स्वतंत्र आज्ञा नव्हत्या, आणि त्रिमितीचं चित्र दाखवायचं तर भागाकार लागतोच: वस्तू जितकी दूर, तितकी ती पडद्याच्या मध्याजवळ आणि तितकी लहान. हे सगळं बेरीज-वजाबाकी आणि युक्त्यांवर भागवलेलं आहे. तरीही यान वळवलं की पूर्ण तारामंडळ वळतं, मागचा कॅमेरा लावला की तारे दूर जाताना दिसतात, आणि शत्रूचं यान फुटलं की त्याचे तुकडे आपल्या अंगावरून जातात.

अटारी ५२०० मध्ये आतल्या मुख्य चिप त्याच कुळातल्या होत्या, म्हणून खेळ तिथे जवळपास जसाच्या तसा आला. त्या कन्सोलच्या कंट्रोलरवर टेलिफोनसारखी बटणं होती. मूळ खेळातल्या कीबोर्डच्या आज्ञा त्यांवर बसल्या. अटारी २६०० या आणखी साध्या कन्सोलसाठी कार्ला मेनिन्स्की यांनी वेगळी आवृत्ती लिहिली, तीही १९८२ सालचीच. त्या जॉयस्टिकला एकच बटण, म्हणून खेळासोबत बटणांचं एक वेगळं पॅड द्यावं लागलं. नकाशा, ढाल, संगणक, पुढचं दृश्य, मागचं दृश्य: इतक्या गोष्टी एका बटणात मावणार कशा?

आता खेळ कसा चालतो ते पाहू.

आकाशगंगेचा नकाशा १६ बाय ८, म्हणजे १२८ सेक्टरचा. काही सेक्टरमध्ये शत्रूची पथकं, काहींमध्ये आपले तळ, बाकी रिकामे. शत्रूचं नाव झायलॉन. ते कुठल्या टीव्ही मालिकेवरून सुचलं असावं हे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' पाहिलेल्यांना सांगायला नको. आपण एकटे, एका यानात. सुरुवातीला ऊर्जा ९९९९. इंजिन ऊर्जा खातं, ढाल खाते, टॉर्पेडो खातात, आणि एका सेक्टरमधून दुसऱ्यात उडी मारायची, ज्याला खेळात हायपरवॉर्प म्हणतात, तीही खाते. उडी जितकी लांब तितका खर्च जास्त. ऊर्जा संपली की खेळ संपला. ती भरायची आणि यान दुरुस्त करायचं तर आपल्या तळापाशी जाऊन थांबावं लागतं.

झायलॉन पथकं नकाशावर एका जागी बसून राहत नाहीत. ती सरकत सरकत आपल्या तळाकडे येतात. तळाच्या चारही बाजूंच्या सेक्टरमध्ये त्यांची पथकं पोचली की वेढा पूर्ण होतो, आणि काही वेळात तळ नष्ट होतो. वाचवायचा असेल तर त्या चारांपैकी एक पथक तरी फोडावं लागतं.

इथे फौजी वाचकाच्या लक्षात येईल की खेळाचा खरा प्रश्न नेमबाजीचा नाही. समजा मी एका सेक्टरमध्ये तीन यानांशी लढतो आहे. दोन पाडली, तिसरं निसटून मागे फिरतंय. त्याचा पाठलाग करण्यात मजा आहे. पण त्याच वेळी पाच सेक्टर पलीकडे माझ्या तळाभोवती तिसरं पथक येऊन बसलं आहे. हे मला पुढच्या काचेतून दिसणार नाही. नकाशा उघडावा लागेल. आणि नकाशा उघडला तरी खेळ थांबत नाही. तेवढ्या वेळात ते तिसरं यान माझ्यावर मारा करू शकतं. नकाशा पाहणं हीसुद्धा एक कृती आहे आणि तिची किंमत मोजावी लागते, हे या खेळाने १९७९ मध्ये घरातल्या टीव्हीवर आणून दाखवलं.

कंपनी कमांडरला ही ओढाताण रोजची. पुढच्या प्लाटूनच्या गोळीबाराचा आवाज कानाला खेचतो, आणि रेडिओवर डावीकडची प्लाटून शांत आहे हे मात्र कोणी ओरडून सांगत नाही. शांततेचा रिपोर्ट मागावा लागतो.

पण ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला घेतला ती वेगळीच आहे. पडद्याच्या खालच्या पट्टीत सहा अक्षरं असतात: पी, ई, एस, सी, एल, आर. टॉर्पेडो, इंजिन, ढाल, संगणक, लांब पल्ल्याचा स्कॅनर आणि रेडिओ. मार बसला की यांपैकी काहीही बिघडतं. अक्षर पिवळं झालं तर नुकसान, लाल झालं तर ती यंत्रणा गेली. टॉर्पेडो गेले की लगेच कळतं. इंजिन बिघडलं की लगेच कळतं. ढाल गेली की मरायची वेळ येते. नवा खेळाडू या तिघांकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो.

रेडिओ गेला तर काय होतं? काहीच नाही. यान उडतं, टॉर्पेडो सुटतात, नकाशाही उघडतो. नकाशा अगदी पूर्वीसारखाच दिसतो, पथकं आणि तळ आपापल्या घरात. फक्त तो बदलायचा थांबलेला असतो. रेडिओ बंद पडण्याच्या क्षणी जी स्थिती होती तीच तो दाखवत राहतो. तुम्ही ऊर्जा खर्चून एका सेक्टरमध्ये उडी मारता आणि तिथे कोणीच नसतं. जो तळ सुरक्षित दिसतो आहे तिथे पोचता, आणि तळ नसतो.

नकाशा कोरा झाला असता तर बरं झालं असतं. कोऱ्या नकाशावर कोणी विश्वास ठेवत नाही. भरलेल्या, नीटनेटक्या आणि शिळ्या नकाशावर सगळे ठेवतात.

हा धोका १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाईदलाने फार बारकाईने ओळखला होता. एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांच्या फायटर कमांडची सगळी मदार एका नकाशावर होती. किनाऱ्यावरची 'चेन होम' रडार केंद्रं समुद्राकडे पाहायची, जमिनीवर आलेल्या विमानांची खबर ऑब्झर्व्हर कोअरची माणसं द्यायची. रडारची माहिती आधी बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये गाळून घेतली जायची आणि मग ऑपरेशन्स रूमच्या टेबलांवर जायची. तिथे हवाईदलाच्या महिला कर्मचारी लांब काठ्यांनी सोंगट्या सरकवायच्या. वरच्या सज्जात बसलेला कंट्रोलर ते पाहून स्क्वाड्रन उडवायचा.

त्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ पाहण्यासारखं होतं. त्याची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या त्रिकोणी पट्ट्यांत रंगवलेली होती: लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल. खबर आली तेव्हा मिनिटकाटा ज्या रंगावर असेल, त्याच रंगाची खूण टेबलावर ठेवायची. काटा निळ्यावर असताना टेबलावर लाल खूण दिसली, की ती माहिती जुनी झाली हे कंट्रोलरला एका नजरेत कळायचं. कोणाला विचारायला नको, कागद चाळायला नको. नकाशा स्वतःच आपलं वय सांगायचा.

शत्रूची विमानं मिनिटाला तीन-चार मैल काटत होती. दहा मिनिटांपूर्वीची जागा म्हणजे तीस-चाळीस मैलांची चूक. त्या चुकीवर उडवलेलं स्क्वाड्रन रिकाम्या आकाशात पेट्रोल जाळून परत यायचं, आणि नेमकं ते पेट्रोल भरत असताना बॉम्ब पडायचे. तेव्हा रंगीत घड्याळ ही काही शोभेची वस्तू नव्हती.

आपल्याकडे प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला हा धडा वेगळ्या साधनांनी मिळतो. नकाशावर टॅल्क, टॅल्कवर चायनाग्राफ पेन्सिल, आणि प्रत्येक खुणेशेजारी तारीख-वेळ. खडकवासल्याला मॅप रीडिंगच्या तासाला दिशा, अंतर, ग्रिड हे सगळं शिकवलं जातं, पण खुणेशेजारची वेळ हाडात मुरते ती पुढे युनिटमध्ये. मी एका उंचावरच्या पोस्टिंगला असताना आमच्या सीओंची शिस्त होती: वेळ नसलेली खूण दिसली की ते बोटाने पुसून टाकायचे. खूण बरोबर आहे की चूक, हे विचारायचेच नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा हट्ट वाटायचा. पण गस्त सकाळी कुठे होती आणि आत्ता कुठे आहे, यांत पहाडात एक बर्फाचा उतार किंवा एक नाला असतो. तोफखान्याला लक्ष्य देताना तो फरक आपल्याच माणसांच्या जिवाचा असतो.

युद्धाच्या खेळांमध्ये ही अडचण मुद्दाम घालायची परंपराही जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या लेफ्टनंटने १८२४ मध्ये 'क्रीगश्पील' या युद्धखेळाचे नियम छापले. नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा हा खेळ, पण मध्ये एक पंच असायचा. खेळाडू आपल्या आज्ञा पंचाला द्यायचे, आणि आपल्या सैन्याला जे दिसेल तेवढंच पंच त्यांना सांगायचा. आज्ञा पोचायला घोडेस्वाराला जितका वेळ लागेल तितका खेळातही लागायचा. जनरल मफलिंग यांनी तो पाहिला आणि सैन्याला त्याची शिफारस केली. आपण वॉर गेममध्ये कंट्रोल आणि अंपायर नेमतो, त्याची मुळं तिथवर जातात. 'स्टार रेडर्स'मध्ये पंच नाही, पण लाल झालेलं एक अक्षर पंचाचं काम करतं.

खेळ संपला की शेवटी रँक मिळते. ही गंमत माजी सैनिकांनी जरूर पाहावी. किती शत्रू पाडले एवढ्यावर ती ठरत नाही. लागलेला वेळ आणि खर्चलेली ऊर्जा वजा होते, गमावलेले तळ वजा होतात, आणि आपल्याच टॉर्पेडोने आपला तळ उडवला तर तेही खात्यावर चढतं. सर्वांत वर 'स्टार कमांडर'. तळाशी कचरा वाहणाऱ्या पडावाचा कप्तान आणि आकाशगंगेचा कुक. दारूगोळा उधळून, तळ घालवून परत आलात तर खेळ तुम्हाला कुक म्हणून घरी पाठवतो.

या एका बाबतीत माझं न्यूबाउर साहेबांशी जमत नाही. चौदा हजार फुटांवर, स्टोव्ह पेटत नाही आणि डाळ शिजत नाही अशा ठिकाणी पहाटे चारला गस्तीच्या हातात गरम चहा आणि पुरी देणारा लांगरी ज्याने पाहिला आहे, तो कुकची रँक तळाला ठेवणार नाही. पण मूळ विचार पक्का आहे. जिंकलं का, एवढं विचारून हा खेळ थांबत नाही. किती खर्चून जिंकलं, हेही विचारतो. आफ्टर अ‍ॅक्शन रिपोर्टमध्ये आपण तेच विचारतो.

मग अशा खेळातून सैनिक घडतो का? हा प्रश्न अटारीच्या दारात त्याच काळात आला होता. १९८० मध्ये त्यांचा 'बॅटलझोन' हा रणगाड्याचा खेळ आला, हिरव्या रेषांनी काढलेला. अमेरिकी लष्कराशी संबंधित निवृत्त अधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि ब्रॅडली या चिलखती वाहनाच्या गनरसाठी त्याची सुधारित आवृत्ती मागितली. मूळ खेळ लिहिणारे एड रॉटबर्ग यांचा याला विरोध होता. लष्करासाठी खेळ बनवायला आपण इथे आलो नाही, अशी त्यांची भूमिका. शेवटी त्यांनी ते काम केलं, पण पुन्हा असं काम आपल्याला द्यायचं नाही या अटीवर. 'ब्रॅडली ट्रेनर'ची अगदी मोजकी यंत्रं बनली आणि प्रकरण तिथेच थांबलं.

रॉटबर्ग यांच्या भूमिकेबद्दल मला आदर आहे, आणि गणवेशातला माणूस म्हणून माझी भूमिका वेगळी आहे, हेही उघड आहे. सिम्युलेटरवर चुकलेला गनर खऱ्या रेंजवर कमी चुकतो, आणि त्यातून दोन्ही बाजूंचे अनावश्यक जीव वाचू शकतात. पण नेमबाजी शिकवण्यासाठी 'स्टार रेडर्स' कामाचा नाही, तेवढी खरी नेमबाजी त्यात नाहीच. तो शिकवतो लक्ष वाटून देणं. आज आपल्या तरुण अधिकाऱ्यांसमोर नकाशाऐवजी स्क्रीन आहेत. ड्रोनचं चित्र थेट येतं, स्वच्छ येतं, आणि डोळा तिथून हलत नाही. ते पुढच्या काचेतलं दृश्य आहे. त्याच्या शेजारच्या स्क्रीनवर आपल्या तुकड्यांच्या निळ्या खुणा असतात, आणि त्यांतली एखादी लिंक तुटल्यामुळे वीस मिनिटं हललेली नसते. ती हललेली नाही म्हणजे तुकडी थांबली आहे, की खबर थांबली आहे? स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं.

खेळात नसलेली गोष्टही सांगायला हवी. यानात तुम्ही एकटे. तळ बुडाला तर नकाशावरची एक खूण जाते, तिथे कोण होतं, त्यांच्या घरी कोण पत्र लिहिणार, हा प्रश्न ८ किलोबाइटमध्ये मावला नाही. तो मावावा अशी अपेक्षाही नाही. पण ज्यांनी अशी पत्रं लिहिली आहेत किंवा लिहिताना पाहिली आहेत, ते हा खेळ खेळताना त्या चार वेढलेल्या चौकोनांकडे जरा जास्त वेळ पाहतील.

२००७ मध्ये अमेरिकेत अभ्यासक हेन्री लोवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपून ठेवण्याजोग्या दहा महत्त्वाच्या व्हिडिओ गेमची यादी केली. त्यात 'स्पेसवॉर' आहे आणि 'स्टार रेडर्स'ही आहे. खुद्द न्यूबाउर अटारीतून बाहेर पडले तरी त्यांनी १९८६ मध्ये अटारी २६०० साठी 'सोलारिस' हा त्याच धाटणीचा आणखी एक खेळ दिला. तोही चांगला आहे, पण आधी हाच खेळा.

सुरुवात 'नोव्हिस' पातळीवर करा. तिथे हायपरवॉर्पमध्ये यान आपोआप सरळ राहतं. वरच्या पातळ्यांवर ते स्वतः सांभाळावं लागतं, नाहीतर भलत्याच सेक्टरमध्ये निघता. प्रत्येक उडीआधी नकाशा पाहा, आणि नकाशा पाहण्याआधी पट्टीतलं शेवटचं अक्षर पाहा. ते लाल असेल तर शत्रूला सोडा, जवळचा तळ गाठा, आणि रेडिओ दुरुस्त करून घ्या. मधल्या वेळात एखादं पथक हातातून निसटलं तरी चालेल.